मण्याचा रंग

दातोबाच्या स्वतःच्या तोंडात वरचे दोन दात नव्हते. शहरातल्या निम्म्या लोकांच्या तोंडात त्याने केलेले दात चावत होते, हसत होते, बेधडक खोटंही बोलत होते, आणि हा गृहस्थ मात्र पाव चहात बुडवून डाव्या दाढेखाली सारायचा. कोणी डिवचलं की म्हणायचा, "दिव्याखाली अंधार असतोच. तुम्ही दिवा बघा." आणि त्या फटीतून हवा सोडत हसायचा.

तो डॉक्टर नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात ही गोष्ट सगळ्यांना फार उशिरा आठवली. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवायचे आणि दातोबा त्या ठशावरून चिनी मातीचा दात घडवायचा. पांढरी पूड पाण्यात कालवायची, धातूच्या टोपीवर बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायचे, टिपकागदाने पाणी ओढून घ्यायचं आणि पावाच्या डब्याएवढ्या भट्टीत लालबुंद होईतो भाजायचं. चाळीस वर्षं हेच. त्याला काम शिकवणारा उस्ताद फारसा बोलायचा नाही, पण एक वाक्य त्याने चेल्याच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकून ठेवलं होतं: दात असा हवा की शेजारच्या दाताला कळू नये. ज्याचं काम दिसलं तो फुकट गेला.

दुकान म्हणजे तळमजल्यावरच्या एकामागे एक तीन खोल्या. पुढे ठशांचे डबे, मधे भट्टी, आणि मागे एक खिडकी, जिच्यातून ऊन कधीच यायचं नाही. दुसऱ्या कोणी तिला अवलक्षणी म्हटलं असतं, पण रंग बघायला असाच थंड, सरळ उजेड लागतो. त्या खिडकीपाशी एक स्टूल होतं आणि त्या स्टुलावर त्याची बायको बसायची. अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणायची.

लग्न होऊन महिना झाला असेल. ती डबा द्यायला दुकानात आली आणि टेबलावरचा दात बघून म्हणाली, "हा मेलेल्या माणसाचा आहे का?" दातोबाला राग आला. दोन दिवस त्या दातावर राबला होता बिचारा. तरी त्याने तो खिडकीशी नेऊन पाहिला, आणि खरंच, दातात निळसर झाक उतरली होती. त्या दिवसापासून रंगाचं खातं वहिनीकडे गेलं. दातांच्या रंगांची पट्टी असते, सोळा नमुन्यांची, पण तिला पट्टी लागायचीच नाही. ती डॉक्टरांनी ठशाबरोबर पाठवलेला रोग्याच्या दातांचा फोटो बघायची, डोळे किलकिले करायची, चिमटीने चार डब्यांमधली पूड घ्यायची आणि म्हणायची, "भाजा." दात बाहेर यायचा तो त्या माणसाच्या तोंडात जन्मापासून असल्यासारखा.

तिचा एक नियम होता. काम कोणाचं आहे हे तिला सांगायचं नाही आणि तीही विचारायची नाही. "माणूस कळला की डोळा भिडस्त होतो," ती म्हणायची. "नवरीचा म्हटलं की मी दोन छटा उजळ करीन, म्हाताऱ्याचा म्हटलं की उगाच पिवळा. मला फोटो द्या आणि तोंड बंद ठेवा." दातोबा तोंड बंद ठेवायचा. त्याच्या तोंडात तसं बघण्यासारखं काही नव्हतंच.

दोघांच्या संसारात कौतुकाची एकच रीत होती. कधी एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन यायचा, "काय सांगू, कोणाला कळलंच नाही हो!" त्या दिवशी वहिनी चहात साखर दुप्पट घालायची. दोघं खिडकीपाशी बसून तो पाकासारखा चहा प्यायची, आणि जगात इतकं सुख कोणाकोणाच्या वाट्याला येतं याचा हिशेब कोणी करत बसायचं नाही.

अशा घरात पोटाचे डॉक्टर आले ते स्वतःची तुटलेली दाढ रुमालात बांधून. सरकारी हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर, तोंडातून नळी घालून आतडी-पोट बघणारे. वहिनीने त्यांना बसायला सांगायच्या आधीच ऐकवलं, "तुमचा पुढचा डावा दात आमचा नाही. आमचा असता तर ओळखू आला नसता." डॉक्टर हसले, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. त्या आठवड्यात त्यांच्या हातून एक रोगी गेला होता.

दाढ भाजून होईपर्यंत ते बोलत बसले. पोटाच्या आतल्या अस्तरावर गाठ असते, सुरुवातीची, वरच्या थरापुरती. नळीतून बारीक तार आत सोडायची, तारेत वीज सोडायची आणि गाठीच्या कडेने अस्तर कापत गाठ खालून सोडवून घ्यायची. पोट बाहेरून उघडावं लागत नाही. रोगी तिसऱ्या दिवशी घरी. "पण पोटाची भिंत केवढी? चार-पाच पुठ्ठे एकावर एक ठेवा, तेवढी. आणि तारेचं टोक उघडं. हात केसभर खाली गेला, रोग्याने उचकी दिली, की टोक आरपार. परवा तेच झालं. बाई होती. तिच्या मुलाला काय सांगायचं ते मला सुचलं नाही."

टेबलावर वाटीत दातोबाने चाचणीसाठी भाजलेले मातीचे मणी पडले होते. डॉक्टरांनी एक चिमटीत धरला. "यातून वीज जाते का?"

"वीज? यातून चहासुद्धा जात नाही," दातोबा म्हणाला.

डॉक्टर उठून उभे राहिले. दाढ न्यायचीच राहिली.

पुढचे सात महिने दातोबाने दातांपेक्षा त्या मण्याचाच ध्यास घेतला. कल्पना पोरसवदा होती: तारेच्या उघड्या टोकावर चिनी मातीचा मणी बसवायचा. कापेल ती तारेची बाजू. टोकावर मणी, म्हणजे वीज टोकाला येणार नाही आणि मणी भिंतीवर नुसता घसरेल. पण मणी मोहरीच्या दाण्याहून जेमतेम मोठा, आणि तार तापली की माती एका चालीने फुगते, पोलाद दुसऱ्या. एकतीस मणी तडकले. बत्तिसाव्या वेळी त्याने मधे एक पातळ थर दिला, दाताच्या टोपीला देतात तसा, आणि तो मणी हातोडीने ठोकला तरी निघाला नाही. हॉस्पिटलच्या मागच्या धुण्याच्या खोलीत, पत्र्याच्या ट्रेमध्ये, खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या पोटावर डॉक्टरांनी तो चालवून पाहिला. मुद्दाम जोर लावला, मुद्दाम हात हलवला. पोट फाटलं नाही. डॉक्टरांनी दातोबाला मिठी मारली तेव्हा दोघांच्या हातांना डुकराचा वास येत होता.

हॉस्पिटलच्या समितीने कागद तपासले, सह्या केल्या, आणि पांढरा मणी रोग्यांच्या पोटात जायला लागला. दोन वर्षांत साठ-पासष्ट रोगी झाले. एकाचंही पोट फाटलं नाही. दातोबाने तयार केलेला प्रत्येक मणी वहिनी खिडकीपाशी भिंगातून बघायची, कुठे केसाएवढी चीर नाही ना म्हणून, आणि मगच डबीत घालायची.

मग डॉक्टरांचं मोठं भाषण झालं. देशोदेशीचे डॉक्टर जमले होते. नवरा-बायकोला मागच्या रांगेत खुर्च्या मिळाल्या. पडद्यावर मणी दाराएवढा मोठा दिसला आणि डॉक्टर म्हणाले की हा एका स्थानिक कारागिराच्या मदतीने तयार केला आहे. टाळ्या झाल्या. दातोबा टाळ्या वाजवायचा थांबला.

"स्थानिक कारागीर," परतताना तो पुटपुटला. "नाव घ्यायला जीभ झिजली असती का?"

"दात कोणी केला म्हणून कोणी कोणाचा जबडा उघडून नाव वाचतं का?" वहिनी म्हणाली. "चला, पाय दुखताहेत माझे."

पण काटा रुतला तो रुतलाच. दातोबा आता भेटेल त्याला मण्याची गोष्ट सांगायला लागला, आणि प्रत्येक वेळी गोष्टीत डॉक्टर थोडे लहान आणि तो थोडा मोठा व्हायला लागला. माणसाचं हे असंच असतं. चाळीस वर्षं काम लपवण्यात भूषण मानलं, आणि एक टाळी चुकली तर जीव कासावीस.

याच सुमारास डॉक्टर एकदा सहज बोलून गेले, "मणी छानच आहे. फक्त आतल्या दिव्यात पांढरा फार चकाकतो. तासभर बघितलं की डोळ्यांपुढे नाचायला लागतो." ते बोलून विसरले. दातोबा विसरला नाही. आता तो या कामातला शेर होऊन बसला होता. काहीतरी असं करून दाखवायचं होतं की डॉक्टरांनी खुर्चीवरून उठून त्याचं नाव घ्यावं.

आणि नेमकी तेव्हाच वहिनीची तक्रार सुरू झाली. चार घास खाल्ले की पोट भरायचं. ही बाई तशी जेवायला बसली की बघत राहावं अशी. गरम हवं, तिखट हवं, पोटभर हवं, आणि शेवटचा घास कोणासाठी ठेवायचा नाही. ती ताट अर्धं सरकवायला लागली तेव्हा दातोबाच घाबरून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. नळी घालून पाहिलं. कागदावर चार रंगीत फोटो छापून आले. पोटाच्या वळणाशी एक जागा खरखरीत दिसत होती, अंगठ्याच्या नखाएवढी.

"लवकर सापडलं, नशीब," डॉक्टर म्हणाले. "वरच्या थरातच आहे. आपल्या मण्याने निघेल, वहिनी. पोट उघडायचं काम नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर उघडून दोन तृतीयांश पोट काढावं लागेल. मग जेवण वाटी-वाटीने, आयुष्यभर. पण ती वेळ येणार नाही."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. "मी दोन गोष्टींना भिते. एक सुरीला आणि दुसरी उपाशी राहायला. तुमचा मणी नीट करा."

एवढंच ती म्हणाली. मणी नीटच होता. साठ-पासष्ट माणसांच्या पोटात जाऊन सिद्ध झालेला पांढरा मणी डबीत तयार होता, आणि तोच वापरला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण स्वतःच्या बायकोसाठी जगाला दिला तोच मणी द्यायचा? दातोबाच्या मनाला ते पटेना. तिच्यासाठी त्याला आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम करायचं होतं, आणि सर्वांत चांगलं काम म्हणजे काय हे त्याला एकच ठाऊक होतं.

त्याने तिच्या कागदावरचा एक फोटो कात्रीने कापून घेतला, निरोगी अस्तराचा, चांगला गुलाबी, ओलसर. खालची नावाची पट्टी कागदावरच सोडली आणि फोटो खिडकीपाशी तिच्यापुढे ठेवला.

"हे काय? हिरडीचं काम?"

"डॉक्टरांचं आहे. आतल्या अंगाचं. या रंगाचा मणी करायचाय, चकाकू नये म्हणून."

"कोणा—" ती थांबली आणि स्वतःच हसली. "नाही विचारत."

तीन दिवस ती त्या रंगाशी झटत होती. गुलाबी चटकन जमतो, पण गुलाबीच्या खाली जो उबदार पिवळा असतो तो हुलकावणी देत होता. तिसऱ्या दिवशी भाजलेला नमुना तिने फोटोवर ठेवला आणि तो हरवला. बोटाने चाचपडून शोधावा लागला. ती लहान मुलीसारखी खूश झाली. "खात्यापित्या घरचं पोट दिसतंय हो हे," ती म्हणाली. "कसा रंग आहे बघा!" मग तिने चार डब्यांचं प्रमाण वहीत लिहिलं आणि फोटो त्या पानाला टाचणीने लावून ठेवला, नेहमीसारखा.

दातोबाने मणी डॉक्टरांकडे नेला. पुन्हा धुण्याची खोली, पुन्हा खाटकाचं पोट. ते धुऊन धुऊन पांढरट पडलेलं, भिजल्या पोतेऱ्यासारखं. त्याच्यावर गुलाबी मणी छान उठून दिसत होता. "वा!" डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना अगदी शांत." मेलेलं पोट आणि जितं पोट यांच्या रंगात फरक असतो, हे रोज जिती पोटं बघणाऱ्या डॉक्टरांना त्या क्षणी सुचलं नाही, आणि रंगातच जन्म घालवलेल्या दातोबाला तर नाहीच सुचलं. समितीच्या कागदात मण्याच्या मापाबद्दल दीड पान होतं. रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणून कोणाला विचारायची गरजही पडली नाही.

वहिनीच्या ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी दातोबाला खोलीत उभं राहू दिलं. टोपी, मुखपट्टी, पायात कापडी पिशव्या. वहिनीला भूल दिली होती. ती कुशीवर झोपली होती, आणि तिच्या तोंडातून काळी नळी आत गेली होती. पडद्यावर तिचं पोट दिसत होतं, फोटोतल्यापेक्षा कितीतरी सुंदर, चकचकीत, हळूहळू हलणारं. डॉक्टरांनी गाठीभोवती ठिपके काढले. मग तार आत आली.

आणि मणी दिसेना.

आता जे लिहायचं ते लिहायला बरं वाटत नाही, पण दातोबाने ते नंतर स्वतःच कबूल केलं, तेव्हा लिहायला हवं. पहिल्या क्षणी त्याला आनंद झाला. मणी अस्तरावर टेकला आणि अस्तरात मिसळून गेला, आणि चाळीस वर्षांची सवय त्याच्या छातीत म्हणाली, वा रे पठ्ठ्या, कळतसुद्धा नाही! तो मुखपट्टीच्या आत हसला. त्याच्या बायकोने जमवलेला रंग त्याच्या बायकोच्या पोटात इतका चपखल बसला होता की देवालाही शोधता आला नसता.

मग थोडं रक्त आलं आणि पडदा आणखी लालसर झाला.

"टोक कुठाय?" डॉक्टर म्हणाले.

"दिसत नाही, सर," सिस्टर म्हणाली. "पांढरा देऊ का? ट्रेमध्ये आहे."

पांढरा ट्रेमध्ये होता. हातभर अंतरावर. डॉक्टर क्षणभर थांबले, आणि कोपऱ्यात उभ्या दातोबाला वाटलं आपण बोलावं. पण तोंडातून शब्द फुटला नाही. डॉक्टरांच्या खोलीत कारागिराने कधी बोलायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. नाव घ्या म्हणून वर्षभर ओरडणारा माणूस, बोलायची वेळ आली तेव्हा दातखीळ बसल्यासारखा उभा राहिला.

"आता मधेच कशाला. हा बघा, सापडला," डॉक्टर म्हणाले.

त्यांना सापडली होती ती अस्तराची एक घडी. मणी तिच्या पुढे होता, भिंतीत खोल, आणि तारेची कापणारी बाजू जिथे नसायला हवी तिथे होती. डॉक्टरांनी पायाखालचं बटण दाबलं, तारेत वीज आली, आणि पडद्यावर गुलाबी अस्तरात एक काळी फट उघडली. तिच्या पलीकडे काहीतरी पिवळं चमकत होतं. ते पोटाच्या बाहेरचं होतं. ते कोणी बघायचं नसतं.

पुढचे चार तास दातोबा बाहेरच्या बाकावर होता. वहिनीचं पोट उघडलं. भोक शिवलं, गाठ काढली आणि डॉक्टर म्हणाले होते तेवढं पोट गाठीबरोबर गेलं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. चेहरा उतरलेला होता, यात शंका नाही. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर दातोबाला शिव्या तरी देता आल्या असत्या. "असं होऊ शकतं," ते म्हणाले. "सहीच्या कागदात लिहिलेलं असतं. आणि काळजी करू नका, तुमचं नाव कुठेच येणार नाही. मी कागदपत्रांत कधी घातलंच नव्हतं." मग म्हणाले, "पुढचे मणी मात्र पांढरेच द्या." चहात साखर कमी घाला म्हणावं, तशा आवाजात.

दातोबा त्या बाकावर बसून राहिला. ज्या नावासाठी तो वर्षभर तळमळला, ते कुठेच नव्हतं, आणि आता तेच त्याचं कवच झालं होतं. त्याला स्वतःची किळस आली. तरी त्याने मान डोलावली.

वहिनी घरी आली ती अर्धी होऊन. दिवसातून आठ वेळा वाटीभर सूप, दोन चमचे मऊ भात, अर्धं अंडं. घास जास्त झाला की घाम फुटायचा. गोड तर वर्ज्यच, साखर पोटात गेली की हातपाय थरथरून ती आडवी व्हायची. मुलगी दूरच्या गावाहून येऊन पंधरा दिवस राहिली आणि रडून परत गेली. वहिनी रडली नाही. "नशीब माझं," ती सगळ्यांना सांगायची. "पासष्ट जणांचं निघालं आणि माझंच फाटलं. ह्यांचा मणी काय करणार? पोटच पातळ माझं." हे ऐकलं की दातोबा उठून भट्टीपाशी जायचा. भट्टी बंद असली तरी जायचा.

तीन महिन्यांनी ती एका सकाळी भिंतीला धरून मागच्या खोलीत आली आणि आपल्या स्टुलावर बसली. कामाचा कोट अंगावर लोंबत होता. खिडकीतला थंड उजेड तिने डोळे मिटून अंगावर घेतला.

"त्या डॉक्टरांच्या कामाचं काय झालं हो? त्या गुलाबी मण्याचं?"

दातोबाने कुंचला पाण्यात बुडवला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी रंगाबद्दल खोटं बोलला नव्हता. आताही बोलला नाही.

"कोणाला दिसलाच नाही," तो म्हणाला.

तिचा चेहरा असा उजळला की तीन महिन्यांत उजळला नव्हता. ती उठली, चहा ठेवला, आणि त्याच्या कपात साखर दुप्पट घातली. स्वतःसाठी कोमट पाणी घेतलं. "प्या," ती म्हणाली. "मला चालत नाही, पण तुम्ही प्या. मी बघते." आणि ती समोर बसून बघत राहिली. दातोबाने तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. आयुष्यात त्याने इतकं कडू काही प्यायलं नव्हतं.

तिथेच थांबलं असतं तर दोघांचं उरलेलं आयुष्य कसंतरी निभलं असतं. पण ती हाडाची कामाची बाई. म्हणाली, तो रंग एवढा जमलाय तर डबाभर कालवून ठेवते, सगळे मणी त्याच रंगाचे करा. दातोबा नको म्हणाला. का नको, हे त्याला सांगता येईना. डॉक्टर म्हणतात, गरज नाही म्हणतात, असं काहीबाही बोलून तो पुढच्या खोलीत निघून गेला.

वहिनीने वही काढली. पान उघडलं, टाचणीचा फोटो उजेडाला धरला. त्याच दिवशी दुपारी तपासणीला जायचं होतं, म्हणून तिची हॉस्पिटलची फाइल खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली होती. तपासणीची वेळ बघायला तिने ती उघडली. पहिल्याच कागदावर फोटोंची रांग होती. चार नव्हे, तीन. चौथ्याच्या जागी कात्रीने कापलेली चौकोनी खिडकी होती.

तिने वहीतला फोटो त्या खिडकीत ठेवला. चारी कडा जुळल्या.

"अहो," तिने हाक मारली.

दातोबा दारात आला आणि बघूनच त्याला सगळं कळलं.

"हे माझं पोट आहे."

"हो."

"मणी माझ्यासाठीच होता."

"हो."

"आणि कोणाला दिसला नाही."

"डॉक्टरांना सापडेना," दातोबा म्हणाला. "मी तिथेच उभा होतो. मी बोललो नाही. मला वाटलं, तुझ्यासाठी सगळ्यांत चांगलं... मला आनंद झाला होता गं, पहिल्यांदा दिसेना तेव्हा. माझ्या तोंडाला आग लागो, मला आनंद झाला होता."

त्याला वाटलं ती ओरडेल, वही फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिने फोटो कापलेल्या चौकोनात सरळ केला, आणि एखादा दात तपासावा तशी शांत बोलली.

"मला सांगितलं असतंत की माझ्यासाठी आहे, तर मी नियम गुंडाळून ठेवला असता. मी भित्री बाई. शंभर प्रश्न विचारले असते. पहिलाच विचारला असता, की कापणाऱ्याला दिसणार कसा? तुम्हा दोघांपैकी एकालाही सुचला नाही हो एवढा प्रश्न? इतकी शिकलेली माणसं. इतकी हुशार बोटं."

जमिनीवर पडलेली फोटोची टाचणी दातोबाने वाकून उचलली आणि तिच्यापुढे कठड्यावर ठेवली.

दुपारी ती तपासणीला एकटी गेली. परत आली तेव्हा वहीतलं ते पान तिने फाडलं नाही, फोटोही काढला नाही. दातांचे रंग ती पूर्वीसारखेच जमवते, लोकांचे फोन येतात, कोणाला कळलंच नाही म्हणून. चहात मात्र कोणी साखर घालत नाही. दातोबाशी ती कामापुरतं बोलते आणि काम फार नसतं.

मणी अजून त्यांच्याच दुकानातून जातात, सगळे पांढरे. डबीत घालण्याआधी वहिनी प्रत्येक मणी चिमट्यात धरते, वहीचं ते पान उघडते आणि मणी स्वतःच्या पोटाच्या फोटोवर टेकवते. दातोबा दारात उभा राहतो. ती मान वर करत नाही.

"दिसतोय," ती म्हणते, आणि दुसरा मणी उचलते.